मामा वारले

सदराला आलेलं पत्र :

ताई, नमस्कार.

मी 44 वर्षांची आहे, एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. तीन महिन्यांपूर्वी माझे आवडते गायक गेले. गायक म्हणजे नुसते गाणारे नव्हेत. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाजही त्यांचाच. माझ्यापेक्षा 19 वर्षांनी मोठे. वयाच्या सतराव्या वर्षापासून मी त्यांना ऐकतेय. नाव खाली लिहिलंय, पण कृपया छापू नका, कारण पुढचं वाचून ऑफिसातलं कुणीही मला ओळखेल.

बातमी आली तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. फोन टेबलावर उलटा ठेवला आणि हुंदका फुटला. आवरेचना. साहेब घाबरले, "काय झालं?" म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा वारले." ताई, मला मामाच नाहीत. आई एकुलती एक. साहेबांनी तिथल्या तिथे दोन दिवसांची रजा दिली. आता शेजारच्या टेबलावरची मैत्रीण दर सोमवारी विचारते, "मामी कशा आहेत गं?" आणि मी सांगते, "सावरतायत हळूहळू."

घरी ह्यांनी विचारलं, "तू भेटली होतीस का त्यांना कधी?" चेष्टा नव्हती त्यात, खरंच विचारत होते. एका कार्यक्रमात बऱ्याच मागच्या रांगेतून पाहिलं होतं, तेवढंच.

पण मला खातंय ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी माझे बाबा गेले, तेव्हा मी रडले नाही. हॉस्पिटलची बिलं, बँकेची कामं, आईची औषधं, येणारी-जाणारी माणसं. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे. आणि आता एका परक्या माणसासाठी तीन महिने डोळे कोरडे होत नाहीत. बाबांच्या शेवटच्या आठवड्यांत रात्री आम्ही दोघं हीच गाणी ऐकायचो, एकच इअरफोन वाटून. उजवा त्यांच्या कानात, डावा माझ्या. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. मी वाईट मुलगी आहे का?

गाणी लावायची आता हिंमत होत नाही. मुलगी म्हणते, "अगं, माणूस गेला, गाणी तर आहेतच की." तिचं बरोबर आहे. तरी ते ऐकलं की मला तिचा राग येतो. का, ते कळत नाही.

— मामा नसलेली भाची

प्रिय भाची,

"सावरतायत हळूहळू" इथे मी मोठ्याने हसले, हे आधी कबूल करते. नसलेल्या मामांच्या मागे नसलेल्या मामी सावरतायत आणि त्यांची खुशाली दर सोमवारी कळवली जातेय! हसून झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं आणि त्या 'मामा'पाशीच अडकले. हुंदक्याच्या मधोमध माणूस खोटं रचत बसत नाही. जिभेला जे सापडतं ते बोलतो. तुम्हाला घाईत एक नातं हवं होतं. मराठीत बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला शब्द आहे, मुलाच्या सासऱ्याला आहे, नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या बायकोलाही आहे. 27 वर्षं कानाशी बोलत राहिलेल्या, आणि आपलं नावही माहीत नसलेल्या माणसाला मात्र नाही. मग घरातला, तरी थोडा बाहेरचा, लाड करणारा, आला की घरात वारं खेळवणारा असा जो शब्द हाताशी होता तो तुम्ही उचललात. मला तर निवड चोख वाटली.

शास्त्रवाल्यांना हे नातं माहीत आहे. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्या दोघांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी ऐकणाऱ्या-बघणाऱ्यांचं जे जुळतं त्यावर एक लेख लिहिला. दुरून जुळलेली जवळीक, असं त्यांनी त्याचं वर्णन केलं. आज त्याला सगळे पॅरासोशल नातं म्हणतात, आणि बहुतेक वेळा नाक मुरडून म्हणतात. लेखातला मुख्य मुद्दा असा की हे नातं एकतर्फी असतं : पडद्यावरचा माणूस बोलतो, आपण ऐकतो, आणि आपण काय म्हणतो ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

टीव्हीवरच्या निवेदकाच्या बाबतीत हे खरं असेल. गाणं लिहून गाणाऱ्याच्या बाबतीत मला ते अर्धंच पटतं. गाणं नुसतं ऐकून होत नाही; ते आपण म्हणतो. भांडी घासताना, गाडी चालवताना, रांगेत उभं असताना मनातल्या मनात. तोंडात 'मी' येतो तो त्याचा आणि घसा असतो आपला. हजार वेळा असं झाल्यावर त्या ओळीतला 'मी' नक्की कोण, हे कोर्टातसुद्धा सिद्ध करता यायचं नाही.

माझंच सांगते. विशीत माझ्याकडे अशाच एका गीतकार-गायकाची कॅसेट होती. एके दुपारी टेपने ती खाल्ली. झाकण उघडलं तर आत चुरगळलेल्या रिळाचा गुंता. तासभर बसून सोडवला, जिथे रीळ पार चेपून गेलं होतं तेवढा तुकडा कात्रीने कापला, टोकं सेलोटेपने जोडली आणि पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळलं. वाजली! फक्त दुसऱ्या कडव्यातला एक शब्द गेला. तिथे 'खट्' असा बारीक आवाज आणि पुढची ओळ. पुढची आठ-नऊ वर्षं मी ते गाणं तसंच म्हणत होते, तो शब्द गाळून, तिथे एक श्वास घेऊन. मग कधीतरी ते फोनवर अख्खं ऐकलं. शब्द जागेवर होता. आणि मला वाटलं, अरे, हे चुकलं की! माझं गाणं असं नाहीये! तो गायक गेला त्या दिवशी मी त्याच शब्दापाशी रडले. त्याने लिहिलेला आणि मी कापून टाकलेला. ह्याला कुणी एकतर्फी म्हणालं तर म्हणू दे.

आता तुमच्या ह्यांच्या प्रश्नाकडे येते. "भेटली होतीस का?" हा प्रश्न दुष्ट नाही. पण त्याच्या पोटात एक नियम दडलेला आहे : ज्याच्याशी ओळख, त्याच्यासाठीच शोक. असे नियम सगळीकडे असतात, कुणी लिहून ठेवत नाही इतकंच. मामा वारले तर दोन दिवस रजा, आवडता गायक वारला तर "अरेरे" आणि पुढची मीटिंग. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने 1980च्या दशकात ह्या भानगडीला नाव दिलं. त्याचं मराठी मी 'मान्यता नसलेलं दुःख' असं करते. उघडपणे कबूल करता येत नाही, चारचौघांत व्यक्त करता येत नाही आणि त्यासाठी कुणी आधाराला येत नाही असं दुःख. तो जे सांगतो ते तुमच्या कामाचं आहे : मान्यता नसली म्हणून दुःख कमी होत नाही, उलट ते लपवायचा बोजा वर चढतो. तुमच्या बाबतीत त्या बोजाचं नाव मामी.

मान्यता नसलेल्या दुःखाचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण सोव्हिएत काळातल्या मॉस्कोतलं आहे. व्लादिमीर व्हिसोत्स्की तिथल्या तगांका थिएटरमधला नट, आणि स्वतःची गाणी लिहून गिटारवर म्हणणारा. त्याच्या बहुतेक गाण्यांची अधिकृत रेकॉर्ड निघाली नव्हती. ती पसरली घरगुती टेपवरून टेपवर, नकलेची नक्कल होत. 25 जुलै 1980ला, ऑलिंपिक ऐन भरात असताना, तो वयाच्या 42व्या वर्षी गेला. सरकारी छापखान्यातून त्याबद्दल जेमतेम एक छोटीशी सूचना निघाली. तरीही थिएटरबाहेर हजारोंच्या हजारो माणसं येऊन उभी राहिली. त्यांतल्या किती जणांना तो प्रत्यक्ष भेटला असेल? त्यांच्याकडे होती ती खरखरणारी टेप, बहुतेकांची दहाव्या हातची.

सगळीकडे अशी चोरी करावी लागते असंही नाही. 2011च्या नोव्हेंबरात भूपेन हजारिका गेले तेव्हा गुवाहाटीत त्यांच्या दर्शनासाठी एवढी माणसं लोटली की अंत्यसंस्कार एक दिवस पुढे ढकलावे लागले. तिथे कुणाला मामा शोधावा लागला नाही. एकाच वेळी सगळ्यांचंच माणूस गेलं होतं, त्यामुळे कुणी कुणाला "भेटला होतास का?" विचारलं नाही. तुम्ही हिशेब विभागात एकट्या होतात. फरक एवढाच.

ह्यांना काय सांगायचं? वाद घालू नका. "तुला कळणार नाही" हे तर मुळीच म्हणू नका. नवऱ्यांना ते वाक्य फार सोयीचं पडतं, तिथे विषय संपतो. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी एक गाणं निवडा आणि ते न लावता त्याबद्दल सांगा. कुठे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा अंगात काय चालू होतं, शेजारी कोण होतं. तुमच्या लग्नाआधीची किती वर्षं त्या गाण्यांमध्ये आहेत, हे त्यांना बहुधा माहीतच नसेल. आणि मग त्यांना विचारा, त्यांचं असं कोण आहे. एखादा खेळाडू निघेल, एखादा लेखक निघेल. निघतंच कुणीतरी.

आता मुलीचं वाक्य. "माणूस गेला, गाणी तर आहेतच की." तुम्हाला राग येतो आणि कारण कळत नाही म्हणता. मी एक कारण सुचवते, पटलं तर घ्या.

तुम्ही 17च्या होतात तेव्हा ते 36चे होते. ते सतत तुमच्या 19 वर्षं पुढे चालत होते. जो मुक्काम तुम्हाला लागायचा होता तिथे ते आधी पोचायचे आणि तिथून गाणं पाठवायचे. तुमच्या कॉलेजच्या वयात त्यांनी जे पस्तिशीतल्या थकव्यावर लिहिलं असेल, ते तुम्ही तेव्हा चाल आवडली म्हणून म्हणत असाल. अर्थ लागला असेल मुलगी लहान असताना, रात्री दोनला तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना. ज्या कुणी एखाद्या गीतकाराला वीस-पंचवीस वर्षं ऐकलंय त्या सगळ्यांचा हा अनुभव आहे : गाणं आधी येतं आणि आपण मागाहून त्याच्यात राहायला जातो.

कॅनडाचे गीतकार-गायक लेनर्ड कोहेन आठवतात. ते असताना निघालेला त्यांचा अखेरचा अल्बम 21 ऑक्टोबर 2016ला आला. पाठीच्या दुखण्याने ते इतके जेरीस आले होते की ती गाणी त्यांनी घरीच, खुर्चीत बसून गायली. काम बघायला मुलगा होता. 7 नोव्हेंबरला ते गेले, 82 वर्षांचे होते. मधे 17 दिवस. आवाज इतका खाली गेलेला की गाणं आणि बोलणं ह्यातली भिंत जवळजवळ पडलेली. पण गाणी ज्या जागेवरून आली ती जागा बघा. आवराआवर करून दाराशी बसलेला माणूस तिथलं दृश्य सांगतोय. तरुणपणापासून त्यांना ऐकणाऱ्यांना त्यांनी पार उंबऱ्यापर्यंतचा रस्ता सांगून ठेवला.

तुमचे गायक 63व्या वर्षी गेले. म्हणजे तुमच्या 63पर्यंतचा रस्ता लिहून झालाय. त्याच्या पुढचा नाही. सत्तरीत गुडघे कसे बोलतात, बरोबरीचे एकेक करून जायला लागले की सकाळचा चहा कसा लागतो, हे त्यांनी सांगायचं राहिलं. ते आता तुम्हाला त्यांच्या शब्दांविना बघावं लागणार. मुलगी म्हणते ती गाणी आहेत, अगदी खरं आहे. तुम्ही रडताय त्यातला मोठा वाटा त्या न आलेल्या गाण्यांचा असावा. ती अठरा-वीस वर्षांची असेल तर तिला हे आज सांगून कळणार नाही, तिचा गायक अजून तिशीत आहे. रागावू नका तिच्यावर.

ह्याच जागी एक धोक्याची सूचना. येत्या वर्षा-दोन वर्षांत कपाटातल्या अर्धवट ध्वनिफिती बाहेर येतील. "कधीच न ऐकलेलं" अशी पाटी लावून. काही वेळा ते जीव लावून केलेलं असतं. कोहेन ह्यांच्या मुलानेच बापाच्या राहिलेल्या गायनावर काम करून 2019 मध्ये एक अल्बम काढला. काही वेळा तो नुसता बाजार असतो. आणि आता तर यंत्राकडून हुबेहूब आवाज काढून घेऊन नवी गाणीही रचली जातात. पहिल्या दिवशी धावत जाऊन ऐकू नका, एवढंच म्हणेन. तुम्ही पुढच्या गाण्याच्या भुकेल्या आहात, आणि भुकेल्या माणसाला शिळं-ताजं कळत नाही.

आता बाबा.

मला माहीत आहे, हे पत्र आणखी कुणाला दाखवलंत तर ती व्यक्ती शहाणपणाने म्हणेल, "अगं, तू खरं तर बाबांसाठीच रडतेयस." ऐकायला फार छान वाटतं. एका फटक्यात तुम्ही चांगली मुलगीही ठरता आणि परक्यासाठी रडल्याचा ठपकाही जातो. मी असं म्हणणार नाही. एक तर मी तुमच्या छातीत शिरून पाहिलेलं नाही. आणि दुसरं, त्या माणसाच्या वाट्याचं रडू काढून दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचं, हे मला बरं दिसत नाही. तुम्ही हिशेब विभागातल्या आहात, नोंद ज्याची त्याच्या नावे असावी हे मी तुम्हाला काय सांगणार.

पण दोन खाती एकाच वहीत आहेत, हे खरं. त्या रात्री, एका तारेच्या दोन टोकांना तुम्ही दोघं आणि मधे तो आवाज. बाबा गेले तेव्हा त्या खोलीतला तिसरा माणूस शिल्लक होता. तुम्हाला वाटत असेल-नसेल, पण त्या रात्रींचा तो एक साक्षीदार होता. तो गातोय तोवर ती खोली कुठेतरी चालू होती. आता तोही गेला. तेव्हा तुम्ही रडला नाहीत कारण तुम्हाला काम होतं. बिलं भरणं, सह्या करणं, आईच्या गोळ्या डब्यात भरणं, हेही मुलीनेच केलं ना? ते काही रडण्यापेक्षा खालच्या दर्जाचं नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट ह्या दोन अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं की शोकातला माणूस सतत दोन कामांमध्ये ये-जा करतो : गेलेल्याकडे वळणं आणि उरलेलं जगणं मार्गी लावणं. दोन्ही शोकच. तुमचा लंबक दोन वर्षं एका बाजूला धरून ठेवलेला होता. हात सुटला. (शोकाच्या पाच पायऱ्या वगैरे कुणी मोजायला लावल्या तर लक्ष देऊ नका. एलिझाबेथ क्युबलर-रॉस ह्यांनी त्या 1969 मध्ये सांगितल्या त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांकडे बघून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या, आणि लोक त्या जिन्यासारख्या चढायला लागले.)

वाईट मुलगी? रात्री बापाला ऐकू येणारा कान कोणता हे लक्षात ठेवून इअरफोनची बाजू ठरवणारी मुलगी मला ह्या प्रश्नाचं उत्तर विचारतेय, ह्याचं नवल वाटतं.

रडण्याबद्दल थोडं व्यवहाराचं. तीन महिने हा काळ फार नाही. पण झोप उडालीय का, जेवण तुटलंय का, कामात चुका होतायत का, कशातच रस उरला नाहीये का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. दीर्घकाळ न हलणारा शोक हा आता वैद्यकात वेगळा विकार म्हणून नोंदलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022च्या यादीत प्रौढांसाठी वर्षाची. त्याचा अर्थ तोवर वाट बघत बसायची असा नाही. बाबांबद्दलचं काही फार दाटून आलेलं असेल तर समुपदेशकाकडे आत्ताही जाता येतं. आणि जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी मनात आलं, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं. मला पत्र लिहीत बसायचं नाही.

तुमच्या मैत्रिणीला खरं सांगून टाका. साहेबांना सांगायची गरज नाही. दोन दिवसांची रजा फारच टोचत असेल तर एखाद्या शनिवारी जादा बसून फेडा आणि विसरा. पण मैत्रीण दर सोमवारी आठवणीने विचारते, म्हणजे ती माणूस म्हणून चांगली आहे, आणि चांगल्या माणसाला आणखी किती महिने मामी पुरवणार? उद्या ती म्हणेल, मामींना भेटायला येऊ का. जेवणाच्या सुट्टीत बाजूला घ्या आणि म्हणा, "माझे मामा नव्हते गं. अमुक अमुक गेले त्या दिवशी. मला दुसरा शब्द सुचला नाही." पहिले दोन मिनिटं ती चिडेल, मग हसेल. आणि बहुधा म्हणेल, मीही रडले होते त्या दिवशी, बाथरूममध्ये जाऊन.

गाण्यांचं सर्वांत शेवटी, कारण तिथेच खरं काम आहे.

आधी फोनचा बंदोबस्त करा. माणूस गेला की गाण्यांची ॲप्स श्रद्धांजलीच्या याद्या पुढे करतात आणि एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. ते आपोआप वाजणं बंद करा. काही ॲप्समध्ये एखादा गायक तात्पुरता लपवताही येतो. गाण्याची गंमत आणि दगा एकच : ते डोळ्यांना दिसण्याआधी अंगात शिरतं. फोटो समोर आला तर नजर वळवता येते, कान कुठे वळवणार? लिफ्टमध्ये, रिक्षात, कुणाच्या तरी रिंगटोनमध्ये ते गाठेलच, तेवढं चालायचंच. पण घरात केव्हा ऐकायचं हे तुम्ही ठरवा.

एकदम सगळ्यात जड गाण्यावर जाऊ नका. त्यांनी एखादं चावट, हलकं, स्वतःचीच खोड काढणारं गाणं केलं असेलच. प्रत्येक गीतकाराचं असतं, आणि दुखवट्याच्या याद्यांमध्ये ते कधीच नसतं. तिथून सुरू करा. दिवसाउजेडी. संपलं की बंद.

आणि निरोपाची एक वेळ ठरवा. तुम्हाला अंत्यदर्शन नव्हतं, शोकसभा नव्हती, काहीच नव्हतं. बीटल्समधले गीतकार-गायक जॉन लेनन ह्यांचा 8 डिसेंबर 1980ला खून झाला तेव्हा त्यांच्या पत्नी योको ओनो ह्यांनी अंत्यविधीचा सोहळा केला नाही. 14 डिसेंबरला, जो जिथे असेल त्याने तिथेच दहा मिनिटं शांत राहावं, एवढंच मागितलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात प्रचंड गर्दी जमली आणि ती गर्दी दहा मिनिटं गप्प उभी राहिली. तिकडे रेडिओ केंद्रांनीही तेवढा वेळ प्रक्षेपण थांबवलं. गाणाऱ्या माणसासाठी गाणंच थांबवलं होतं. तुमचे तीन महिने मला तसेच वाटतात. दहा मिनिटं जरा लांबली इतकंच.

ती वेळ ठरवाल तेव्हा ह्या एका गोष्टीचा विचार करा. तुम्ही लिहिलंय, उजवा इअरफोन बाबांच्या कानात आणि डावा तुमच्या. आता, दोन्ही कानांत एकच गोष्ट वाजत नसते. ध्वनिमुद्रण करताना गाणाऱ्याचा आवाज सहसा मधोमध ठेवतात, म्हणून तो तुम्हा दोघांनाही ऐकू येत होता. वाद्यं मात्र वाटलेली असतात : एखादी गिटार डावीकडे, दुसरी उजवीकडे, कोरसमधले काही आवाज एका बाजूला, टाळी दुसऱ्या. तुम्ही त्या सगळ्या रात्री गाण्याची डावी बाजू ऐकलीत. उजवी बाजू बाबांनी ऐकली.

फोनच्या सेटिंगमध्ये मोनो चालू नाही ना, एवढं बघा. चालू असेल तर दोन्हीकडे सारखंच वाजतं. मग त्या रात्रींतलं एक गाणं काढा, डावा इअरफोन टेबलावर ठेवून द्या आणि फक्त उजवा कानात घाला.

तिकडे काय वाजत होतं, ते मला कळवा.

तुमची,
ताई